माशिकोचे कुंभार शोजी हमादा



ग्रामीण कुंभारी धंद्याचा विषय निघाला की त्याच्या ऱ्हासाची कारणे सर्वांना मुखोद्गत असतात. ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील व प्लॅस्टिक यांची भांडी घरोघर आली आणि रांजण, मडकी, परळ मागे पडले. हे खरे आहे. परंतु हे संकट केवळ आपल्याच गावांवर आले असे नाही. जपानमधील माशिको या गावावरही ते आले होते. तेथे एक सुशिक्षित कुंभार येऊन राहिले. त्यांनी काय केले आणि काय करावयाचे टाळले, या दोहोंचाही विचार ग्रामोद्योगाची आस्था असणाऱ्या प्रत्येकाने करण्यासारखा आहे. त्यांचे नाव शोजी हमादा.

माशिको हे गाव टोकियोच्या उत्तरेस सुमारे 100 किलोमीटरवर आहे. तेथे 1853 साली कुंभारकामास आरंभ झाला. पाण्याचे रांजण, बरण्या, वाटणाचे खल, चहाच्या किटल्या अशी स्वयंपाकघरातील भांडी तेथून टोकियोस जात. पुढे शहरातील राहणी पालटली, धातूची भांडी स्वस्त झाली आणि माशिकोच्या मालाची मागणी घटू लागली.

हमादा यांचा जन्म 1894 साली झाला. टोकियोच्या उच्च तंत्रशाळेत त्यांनी मृत्तिकाशास्त्राचे शिक्षण घेतले. त्यानंतर क्योतो येथील संशोधन केंद्रात कावाई कांजिरो यांच्यासमवेत झिलईचे, म्हणजे भांड्यावरील काचेसारख्या लेपाचे, हजारो प्रयोग केले. 1920 साली बर्नार्ड लीच या इंग्रज कलावंताबरोबर ते इंग्लंडला गेले व सेंट आइव्ज या समुद्रकाठच्या गावी दोघांनी भट्टी उभारली. डिचलिंग या खेड्यात राहून हातमागावर विणकाम करणाऱ्या एथेल मेरे यांचे घरही त्यांनी पाहिले. सुसंस्कृत जीवन आणि हातचे काम ही दोन्ही खेड्यात सुखाने नांदू शकतात, अशी त्यांची खात्री तेथे पटली. 1924 साली मायदेशी परतल्यावर त्यांनी शहराचा मोह सोडून माशिकोची वाट धरली.

येथेच त्यांच्या चरित्रातील महत्त्वाचा भाग येतो. एवढे शिकलेला मनुष्य गावात आला म्हणजे तो गावाला शिकवू लागेल, अशी कोणाचीही अपेक्षा असावयाची. हमादा यांनी तसे केले नाही. प्रारंभी गावकऱ्यांना या परक्या माणसाचा भरवसा वाटेना. त्यांनी स्वतंत्र कार्यशाळा थाटण्याची घाई केली नाही. सकुमा घराण्याच्या कार्यशाळेत ते काम करू लागले. कडेच्या खाचेत काठी घालून चाक फिरविण्याची माशिकोची रीत आपल्या कुंभाराच्या रीतीशी मिळतीजुळती आहे. तेच चाक हमादा यांनी स्वीकारले.

माशिकोची माती भरड आहे. तिच्यातून नाजूक, पातळ भांडी नीट होत नाहीत. बाहेरून उत्तम माती आणविणे हमादा यांना अशक्य नव्हते. परंतु मातीला आपल्या मनाजोगती वाकविण्यापेक्षा आपण मातीचा स्वभाव ओळखावा, हा मार्ग त्यांनी पत्करला व तिला शोभतील असे जाड, भरदार घाट घडविले. झिलईसाठीही त्यांनी गावचेच पदार्थ घेतले. जवळच मिळणाऱ्या एका दगडाची भुकटी भाजल्यावर तांबूस तपकिरी रंग देई. भाताच्या तुसाची राख मिसळली की दुधाळ पांढरी झिलई येई. हजारो प्रयोग केलेला हा माणूस अखेर मोजक्या पाच-सहा पदार्थांवर स्थिरावला. त्यांचे शास्त्र वाया गेले नाही. गावच्या वस्तूंचे गुण ओळखण्याच्या कामी ते आले.

त्यांची मोठी भट्टी उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेली, आठ दालनांची होती. खालच्या दालनातील उष्णता वरच्या दालनात जाते व लाकूड वाया जात नाही. अशा भट्टीत 1,200 अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता निर्माण होते व भांडे दगडासारखे घट्ट होते. आपल्या आव्यातील उष्णता याहून पुष्कळ कमी असते. म्हणून आपले मडके सच्छिद्र राहते व त्यातील पाणी थंड होते. तो दोष नसून गुण आहे. ज्या मातीचा जो गुण, तो ओळखून त्याला योग्य ते भांडे करणे, हेच खरे कौशल्य होय.

हमादा आपल्या भांड्यांवर सही करीत नसत. भांडे चांगले असेल तर तेच आपली ओळख देईल, अशी त्यांची धारणा होती. यानागी सोएत्सु व कावाई यांच्यासह त्यांनी लोककलेची चळवळ चालविली. तिच्या प्रयत्नांतून 1936 साली टोकियोत लोककला संग्रहालय उभे राहिले. 1955 साली जपान सरकारने त्यांना राष्ट्राचा जिवंत ठेवा म्हणून गौरविले. मात्र अनामिक कारागिराचा आदर्श सांगणाऱ्या या कुंभाराची भांडी फार मोठ्या किमतीला विकली जाऊ लागली, ही विसंगतीही नजरेआड करता येत नाही.

तथापि त्या कीर्तीचा लाभ गावालाही झाला. माशिकोच्या मालाला नवे गिऱ्हाईक मिळाले व बाहेरून तरुण कारागीर तेथे वस्तीस आले. 1966 सालापासून गावात कुंभारमालाची जत्रा भरू लागली. देशोदेशींहून जमविलेल्या वस्तू इतरांनाही अभ्यासता याव्यात, म्हणून हमादा यांनी 1977 साली आपल्या आवारात संग्रहालय उघडले. 1978 च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. 2011 च्या भूकंपात त्यांच्या भट्टीची हानी झाली. पण ती दुरुस्त करण्यात आली आणि 2015 साली माशिकोच्या कुंभारांनी एकत्र येऊन ती पुन्हा पेटविली.

आपल्याकडे डिचोलीपासून खानापूरपर्यंत कुंभारांची जुनी घराणी आहेत. खानापुरात खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्थाही आहे. माती आहे, हात आहेत. माशिकोचे अनुकरण येथे करावयाचे नाही, कारण आपली माती निराळी व गरजाही निराळ्या. परंतु अधिकाऱ्याने नवी योजना कुंभाराच्या दारी नेण्यापूर्वी त्याच्या चाकाजवळ थोडा वेळ बसावे, तो माती कोठून आणतो व ती कशी ओळखतो हे विचारावे. शिक्षकाने मुलांना गावच्या आव्याकडे न्यावे. आणि कुंभाराने आपल्या मुलाला शाळेत जरूर घालावे. मात्र शिक्षण झाले म्हणून चाक सोडलेच पाहिजे, अशी समजूत करून घेऊ नये. शिकलेल्या हातांनी चाक धरले तर गावाचा केवढा उत्कर्ष होतो, हे माशिकोने दाखवून दिले आहे.