तो आपला कोण लागतो?
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



परमेश्वराच्या कृपेनें आपल्या धर्मग्रामाचा महोत्सव आज आपण साजरा करीत आहों. अशा प्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करणें हें आपलें कर्तव्यच होय. ज्यांनीं चुन्याच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या, ज्यांनीं केळीं व मासळी विकून आलेल्या पैशांतून घंटेसाठीं चार नाणीं बाजूला ठेविलीं, त्यांचे उपकार या पुस्तिकेंत इतरत्र सांगितलेच आहेत. आम्हांस मात्र आज एका निराळ्याच गोष्टीविषयीं बोलावयाचें आहे. ज्याच्या उपासनेसाठीं त्यांनीं हे कष्ट केले, तो कोण? प्रश्न बाळबोध वाटेल. धर्मशिक्षणाच्या वर्गांतील लहान मूलही त्याचें उत्तर देईल. तरी आम्हांस वाटतें, कीं महोत्सवाच्या दिवशीं याहून मोठा प्रश्न आपणांपुढें नाहीं.

हा प्रश्न खुद्द येशूनेंच विचारला. संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायांत तो प्रसंग वर्णिलेला आहे. स्थळ होतें फिलिप्पाच्या कैसरियाचा परिसर. हर्मोन पर्वताच्या पायथ्याशीं, यार्देन नदीच्या उगमाजवळ हें नगर होतें. हेरोद राजाचा पुत्र फिलिप्प यानें रोमच्या कैसराच्या गौरवार्थ त्यास तें नांव दिलें होतें. ‘तारणारा’ ही पदवी त्या काळीं लोकांच्या परिचयाची होती. आशिया प्रांतांतील प्रिएने येथें सांपडलेल्या, इ. स. पूर्वीं ९ च्या सुमाराच्या शिलालेखांत औगुस्त कैसराला तीच पदवी दिलेली आहे. जो युद्ध थांबवितो व राज्य सुरळीत चालवितो तो तारणारा, अशी जगाची समजूत होती. अशा जगांत, ज्याच्यापाशीं सैन्य नाहीं कीं खजिना नाहीं, असा एक नासरेथकर गुरु शिष्यांस विचारतो, कीं लोक मला कोण समजतात? कोणी त्यास योहान म्हणत, कोणी एलिया, कोणी यिर्मया. हीं सर्व उत्तरें आदराचींच होतीं. तरी येशू तेथें थांबला नाहीं. लोकांचें असो, तुमचें म्हणणें काय, असें त्यानें विचारलें. आणि पेत्रानें त्यास ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र, म्हणून कबूल केलें.

हें सर्व आम्ही सेमिनरींत शिकलों. परीक्षेंत गुणही बरे मिळाले. गुरुदीक्षेनंतर थोड्याच वर्षांनीं, समुद्रकांठच्या एका धर्मग्रामांत साहाय्यक धर्मगुरु असतांना, आम्ही एका आजारी तांडेलबाबांकडे ख्रिस्तशरीर घेऊन जात असूं. पुष्कळ वर्षांपूर्वीं वादळांत त्यांचा मचवा उलटला होता. फळी धरून ते स्वतः वांचले. धाकटा भाऊ मात्र परत आला नाहीं. एके दिवशीं ते आम्हांस म्हणाले, “फादर, मी वांचलों म्हणून येशूला तारणारा म्हणायचं, तर माझ्या भावाचं काय? त्यानंही त्याचंच नांव घेतलं होतं.”

आम्ही पाठ केलेलें सांगूं लागलों. ख्रिस्त खरा देव आहे व खरा मनुष्य आहे, त्याचे स्वभाव दोन व व्यक्ति एक, वगैरे. बाबांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “हें पुस्तकांतलं झालं, फादर. तो तुमचा कोण लागतो?”

‘कोण लागतो’ हे शब्द आपण नात्यागोत्यासाठीं वापरतों. आम्ही निरुत्तर झालों. तेव्हां बाबाच बोलूं लागले. “भाऊ गेल्यावर सात वर्षं मी देवळाची पायरी चढलों नाहीं. एका पवित्र शुक्रवारीं बायकोनं ओढून नेलं. क्रूसाकडे बघत बसलों. मला वाटायचं, तो कांठावर उभा राहून कोणाला ओढायचं नि कोणाला सोडायचं तें ठरवतो. तसं नाहीं, फादर. तो पाण्यांतच होता, माझ्या भावाजवळ. पण पाण्याला तो धरून ठेवतां आला नाहीं. मग माझा भाऊही पाण्याच्या हातीं नाहीं. त्याच्या हातीं आहे.”

बाबांना निकेयाच्या धर्मसभेचें नांव ठाऊक नव्हतें; तरी त्या सभेचा विषय त्यांनीं आम्हांस पुन्हां शिकविला. आलेक्सांद्रियाचा धर्मगुरु आरियुस म्हणत असे, कीं पुत्र सर्वांत श्रेष्ठ खरा, पण तो निर्माण केलेलाच. इ. स. ३२५ मध्यें कॉन्स्टंटाइन बादशहानें बोलाविलेल्या निकेयाच्या सभेंत धर्माध्यक्षांनीं पुत्र पित्याशीं एकतत्त्व आहे असें जाहीर केलें. त्या विश्वासासाठीं लढणाऱ्या संत अथनासियुसास पुढें पांच वेळां हद्दपारी सोसावी लागली. इ. स. ४५१ मध्यें काल्सेदोनच्या सभेनें तोच पुत्र खरा देव व खरा मनुष्य असल्याचें स्पष्ट केलें. इ. स. २०२५ मध्यें निकेयाच्या सभेस १,७०० वर्षें पूर्ण झालीं. हा सारा खटाटोप एका शब्दासाठीं नव्हता. पाण्यांत उतरलेला तो देव नसेल, तर बुडणाऱ्यांत आणखी एकाची भर पडली एवढेंच. आणि तो मनुष्य नसेल, तर तो पाण्यांत कधीं उतरलाच नाहीं. दोन्ही खरें असेल तरच तो तारणारा. ‘येशू’ या नांवाचा इब्री अर्थही ‘परमेश्वर तारतो’ असाच आहे.

परंतु सिद्धांत बरोबर सांगितला म्हणजे विश्वास पुरा झाला, असें नाहीं. पेत्राकडेच पहा. कबुली देण्यापूर्वीं तो सरोवरावर बुडूं लागला होता व प्रभूनें त्याचा हात धरला होता. कबुली दिल्यावर लगेच, प्रभु आपल्या दुःखसहनाविषयीं बोलूं लागतांच, तोच पेत्र त्यास अडवूं लागला व कठोर बोल ऐकता झाला. त्यास क्रूसावांचूनचा तारणारा हवा होता. आपणांसही पुष्कळदां तसाच हवा असतो. मुलाची नोकरी, कोर्टांतील दावा, घरांतील दुखणें, यांसाठीं आपण नोव्हेना करतों. अवश्य करावी. परंतु मागणें मान्य झालें तर तो तारणारा, न झालें तर परका, असें मनांत असेल, तर आपण त्यास कांठावरच उभा केला आहे. पुढें पेत्रानें त्यास तीनदां नाकारलें, आणि पुनरुत्थित प्रभूनें सरोवराच्या कांठीं तीनदां त्याच्या प्रेमाविषयीं विचारलें. विश्वासाचें उत्तर एकदां देऊन भागत नाहीं.

शिवाय तें दुसऱ्याकडून देववतां येत नाहीं. आपल्या बाप्तिस्म्याच्या वेळीं आईबापांनीं व धर्ममातापित्यांनीं विश्वास प्रकट केला. आपण तेव्हां तान्हे होतों. पुनरुत्थानाच्या जागरणरात्रीं मात्र पेटलेली मेणबत्ती हातीं घेऊन प्रत्येकास स्वतःच बोलावें लागतें. आपल्याच वसईंत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया जपानांत आपल्या फ्रान्सिस्कन बंधूंचे दुभाषी होते. दुसऱ्यांचे शब्द पोहोंचविणें हें त्यांचें काम. परंतु ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रूसावर त्यांनीं जें उत्तर दिलें, तें त्यांचें स्वतःचें होतें.

म्हणून या महोत्सवानिमित्त आमची एकच विनंति आहे. आज रात्रीं घरीं जपमाळ झाल्यावर दिवा लगेच मालवूं नका. क्षणभर क्रूसाकडे पाहून प्रत्येकानें मनाशीं विचारावें, कीं हा माझा कोण लागतो? उत्तर चटकन आलें नाहीं तर लाज मानूं नका. आम्हांसही तें आलें नव्हतें. त्या तांडेलबाबांच्या कबरींत मूठभर माती टाकतांना तें आम्हांस सुचलें. आम्हीं मनांत म्हटलें, “बाबा, तुमचा भाऊ ज्याच्या हातीं, त्याच्याच हातीं आज तुम्ही, आणि आम्हीही. तोच आमचा लागतो.”

तो प्रभु येशू ख्रिस्त आपणां सर्वांस, आपल्या घरांतील दुखणाइतांस व समुद्रावर गेलेल्यांस सांभाळो. आमेन.