तापी-सातपुड्यातील वनस्पतींची लोकनामे

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा विस्तारित पाठ)



मी मराठीचा अध्यापक. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध शाळेतच सुटला. तेव्हा झाडाझुडपांवर बोलण्याचा अधिकार या गृहस्थांना कोणी दिला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. अधिकार मला नाही. एक खंत मात्र आहे, आणि ती अध्यापकाची आहे. तीच प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी बी. ए.च्या वर्गात एक कविता शिकवीत होतो. कवितेत बहावा आला. 'बहावा म्हणजे पिवळ्या फुलांचे एक झाड' असे सांगून मी पुढच्या कडव्याकडे वळलो. वीस वर्षे मी तेच सांगत आलो होतो. दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाकावर बसणारा, डोंगराकडच्या एका खेड्यातून येणारा विद्यार्थी तास संपल्यावर टेबलाजवळ आला. त्याच्या हातात हातभर लांबीची काळी शेंग होती. "सर, कालचा बहावा म्हणजे हाच ना? आमच्याकडे याला गिरमाळा म्हणतात. यातला गर पोट साफ व्हायला देतात. आपल्या कॉलेजच्या मागच्या फाटकापाशीच आहे." त्या फाटकातून मी रोज ये-जा करीत होतो. उन्हाळ्यात त्या झाडाखाली स्कूटर उभी करीत होतो. बहावा हा शब्द मला ठाऊक होता आणि झाडही रोज डोळ्यांपुढे होते. दोघांची गाठ मात्र माझ्या आयुष्यात पडली नव्हती. ती त्या मुलाने घालून दिली. हिंदीचे प्राध्यापक मित्र ज्याला अमलतास म्हणतात तो हाच, आणि वैद्यांच्या ग्रंथांतला आरग्वधही हाच, हे मग मी शोधून काढले. शोधायला फार लांब जावे लागले नाही. याच वाचनालयाच्या कपाटात डॉ. वामन गणेश देसाई यांचा 'ओषधिसंग्रह' हाती लागला. त्याला कित्येक वर्षांत कोणी हात लावलेला नसावा, असे त्यावरची धूळ सांगत होती.

त्या दिवसापासून एक वही केली. तिच्यात झाडाचे मराठी नाव, इथल्या हिंदीतले किंवा निमाडीतले नाव, खानदेशी नाव, भिल्ल-बारेला मंडळींचे नाव, कोरकूंचे नाव, आणि ते झाड कोणत्या उपयोगाचे, अशी सदरे आखली. बुऱ्हाणपूर हे अशा वहीसाठी फार सोयीचे गाव आहे. शनवाऱ्यापासून बाजारापर्यंत चालत गेलो तरी चार-पाच बोली कानांवर पडतात. एका फळाचेच पाहा. मी पेरू म्हणतो, माझी पत्नी नागपूरकडची असल्यामुळे ती जांब म्हणते, दारावरची विक्रेती जाम म्हणून ओरडते आणि शेजारचे मोमीन गृहस्थ अमरूद म्हणतात. चौघेही एकाच टोपलीत हात घालतात.

नाव म्हणजे नुसती खूण नव्हे, हे वही भरू लागल्यावर कळत गेले. पावसाळ्याच्या आरंभी रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर, पडीक जागेत जी वनस्पती दाटून येते ती कोकणात टाकळा, आपल्याकडे व वऱ्हाडात तरोटा, आणि निमाड-माळव्याच्या बोलीत पुवाडिया. कोवळ्या पाल्याची भाजी होते. बिया वाटून गजकर्णावर लावतात. संस्कृत निघंटूंत तिचे एक नाव दद्रुघ्न, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारी. गुळवेलीला निघंटुकार छिन्नरुहा म्हणतात. तोडून टाकली तरी पुन्हा वाढते, म्हणून. आपल्या जुन्या वैद्यांनी एकेका वनस्पतीला दहा-दहा, वीस-वीस नावे दिली ती काही पांडित्याच्या हौसेने नव्हे. एका नावात रूप, दुसऱ्यात गुण, तिसऱ्यात उगवण्याची तऱ्हा; नावे पाठ असली म्हणजे अर्धी चिकित्सा पाठ झाली.

लोकांची रीत याहून वेगळी आहे, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. ज्या झाडावर पोट चालते त्याच्या अंगोपांगांना तिथे वेगवेगळी नावे असतात. कोकणी माणूस शहाळे, नारळ, झाप, चुडत, करवंटी, सोडण असे शब्द सहज वापरतो. घाटावरच्या माणसाचे 'नारळ' या एका शब्दात भागते. आपल्या सातपुड्यात ते स्थान मोहाचे. शहरातल्या वाचकाला मोह म्हणजे दारू, एवढेच ठाऊक. परंतु चैत्राच्या सुमारास झाडाखालची जागा झाडून, पाचोळा जाळून स्वच्छ करायची, पहाटे पडलेली फुले टोपल्यांत वेचायची, ती वाळवून वर्षभर पुरवायची, भाजून खायची, पिठात मिसळून भाकरीत घालायची, आणि पुढे पावसाळ्याच्या तोंडावर बियांचे तेल काढायचे, असा तो सगळा संसार आहे. म्हणून फुलाचे नाव वेगळे आणि बीचे वेगळे. बी इकडे गुल्ली, तर गुजरातेकडे झुकलेल्या बोलींत डोळी. तेलाची घाणी बंद पडली आणि घरात डबाबंद तेल आले, की गुल्ली हा शब्द पुढच्या पिढीला लागत नाही. झाड तिथेच उभे असते. त्याच्या नावांपैकी एक गळून पडते.

चारोळीचे उलटे झाले आहे. श्रीखंडावर आणि बासुंदीत आपण चारोळी पेरतो, पण ती ज्या फळाच्या बाठीतून निघते ते 'चार' आपल्यापैकी किती जणांनी चाखले आहे? डोंगरातल्या मुलांना फळ ठाऊक. बी फोडून मिळणारा पैसा मात्र बहुधा दुसऱ्याच्या गल्ल्यात जातो. टेंभुर्णीचे तर नावच बदलले. मध्य प्रदेशात १९६४ च्या कायद्याने तिच्या पानांचा व्यापार सरकारने आपल्याकडे घेतला. पन्नास पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांचे एक प्रमाण पोते, असा हिशेब कागदावर आला आणि त्या कागदावर 'तेंदूपत्ता' हा शब्द होता. आज मराठी वृत्तपत्रेही तेंदूपत्ताच छापतात. टेंभुर्णी आता गावांच्या नावांत तेवढी राहिली आहे. तक्रार हिंदी शब्दाविषयी नाही. हिंदीत तो चांगलाच आहे. मजुरीच्या पावतीवर जे नाव असते तेच टिकते, एवढे मात्र त्यातून दिसते.

आता ज्या झाडाशी या वाचनालयाचाच संबंध आहे ते सालईचे झाड घेऊ. हिंदीत सलई. सातपुड्याच्या खडकाळ, कोरड्या उतारावर, जिथे दुसरे काही तग धरीत नाही तिथे ती उभी असते. तिच्या सालीतून झिरपणारा डिंक धुपासाठी जाळतात, सांधेदुखीवर देतात. सालईचे लाकूड इमारतीला निरुपयोगी म्हणून कोणी विचारीत नसे. पण आपल्याच जिल्ह्यातल्या नेपानगरात देशातला वृत्तपत्री कागदाचा पहिला कारखाना उभा राहिला, १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला, आणि त्याच्या लगद्यासाठी बांबूच्या जोडीला हीच सालई निवडली गेली. १९८१ पर्यंत देशात असा दुसरा कारखाना नव्हता. पुढे तो रद्दी कागदाकडे वळला. आपल्या वाचनालयात बांधून ठेवलेल्या जुन्या वृत्तपत्रांच्या फायली आहेत. त्यांतली काही पिवळी पाने याच डोंगरातली सालई असतील. वर्षानुवर्षे आपण त्यांवर बोट फिरवीत आलो. सालईचे संस्कृत नाव शल्लकी; आणि तिचे दुसरे एक नाव आहे गजभक्ष्या, हत्तीचे खाद्य. इथे हत्ती कुठले, असे आपण म्हणू. पण 'आईन-ई-अकबरी'त रानहत्ती सापडण्याच्या ठिकाणांत बीजागड आणि हंडिया यांची नावे आहेत. बीजागड म्हणजे आपले पश्चिमेकडचे निमाड, हंडिया नर्मदेकाठी. हत्ती गेले, झाडाच्या नावात मात्र त्यांची आठवण शिल्लक आहे.

बुऱ्हाणपूर हे विणकरांचे आणि रंगाऱ्यांचे गाव. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी तावेर्निए इथे आला होता. इथले तलम, रंगीत फुलांचे कापड इराण, तुर्कस्थान, पोलंड, रशियापर्यंत जाते असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या काळी तांबडा रंग झाडांच्या मुळ्यांतून येई, आणि आपल्या भागात या कामी प्रसिद्ध असलेले एक झाड म्हणजे आल. रानातल्या त्याच्या भाईबंदाला मराठीत बारतोंडी म्हणतात; फळाला बारा तोंडे दिसतात म्हणून ते नाव पडले असावे. जुन्या कादंबऱ्यांतून विधवेच्या अंगावर जे तांबडे आलवण दिसते त्या शब्दाचे नाते याच आलाशी जोडले जाते. १८६९ च्या सुमारास जर्मनीत कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम तांबडा रंग तयार झाला आणि पुढल्या काही दशकांत आलाची शेती मोडीत निघाली. शेती गेली, रंगारी गेले, शब्दही विरला. आणि आता गंमत पाहा. औषधांच्या दुकानात 'नोनी'चा रस म्हणून एक महागडी बाटली मिळते. नोनी हे हवाई बेटांकडचे नाव. ती त्याच आल-बारतोंडीच्या कुळातली. माझ्या एका स्नेह्यांनी ती बाटली मोठ्या श्रद्धेने आणली होती. त्यांच्या शेताच्या बांधावर बारतोंडीची दोन झाडे होती. गेल्या वर्षी त्यांनी ती सरपणाला तोडली.

नावांचा घोळ नेहमीच इतका निरुपद्रवी नसतो. आमच्या घरात काही वर्षांपूर्वी मावशीला अतिसाराचा त्रास झाला. गावाकडच्या वैद्यांनी चिठ्ठीत 'इंद्रजव' लिहिले. मी जडीबुटीच्या एका दुकानातून पुडी आणली. पाच-सहा दिवस गुण येईना, तेव्हा वैद्यांनी पुडी मागवून घेतली, दाणा चावून पाहिला आणि कपाळाला हात लावला. इंद्रजव दोन. पांढऱ्या कुड्याचे ते कडू, आणि काळ्या कुड्याचे ते गोडे. अतिसारावर चालतो तो पांढरा कुडा. मी आणले होते गोडे. वैद्यांनी 'कडू' हा शब्द लिहिला नाही, दुकानदाराने विचारला नाही, आणि मराठीचा एम. ए. असलेल्या मला विशेषणाची गरज वाटली नाही. मावशीला शेवटी दवाखान्यात न्यावे लागले. ती बरी झाली. पण अशक्तपणा महिनाभर गेला नाही. त्या वेळी घरात आमची जुनी मोलकरीण असती तर तिने दाणा पाहूनच पुडी परत पाठवली असती. ती निरक्षर होती. तिच्या वह्या तिच्या जिभेवर होत्या.

शहरातल्या माणसाला वाटते की ही नावे आपलीच, मातीतली, अनादी काळापासूनची. तसेही नाही. ज्या पेरूपासून आपण सुरुवात केली ते फळच मुळी अमेरिका खंडातून आलेले. पोर्तुगीजांच्या गलबतांतून जे पाहुणे आपल्याकडे उतरले त्यांचे नामकरण दोन तऱ्हांनी झाले. काहींना आपण घरचे नाव दिले. मिऱ्यासारखी तिखट म्हणून मिरची. सीतामाईच्या नावाने सीताफळ. आपल्या भागातल्या डोंगरउतारांवर सीताफळ इतके आपोआप वाढते की ते परके आहे हे सांगितले तर कोणी विश्वास ठेवीत नाही. भारहुतच्या शिल्पांत आपल्याला सीताफळ दिसते असे कनिंगहॅमसारख्या पुरातत्त्वज्ञाने म्हटले होते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते मानले नाही. काही पाहुण्यांची नावे मात्र आपण जशीच्या तशी ठेवली. काजू आणि अननस हे शब्द ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या तूपी लोकांचे. पोर्तुगीजांनी ते उचलले आणि आपण पोर्तुगीजांकडून घेतले. आणि हिवतापावरचे कोयनेल? आपल्या आज्या ज्या कडू गोळीला कोयनेल म्हणत, त्या शब्दाच्या मुळाशी पेरूच्या डोंगराळ मुलुखातील क्वेचुआ लोकांचा 'किना', म्हणजे झाडाची साल, हा शब्द सांगतात. कोण कुठला डोंगर, आणि तापीकाठच्या तापात फणफणणाऱ्या पोराच्या उशाशी त्याचे नाव!

ब्राझीलच्या किनाऱ्यावरची ती जुनी तूपी भाषा आता बोलली जात नाही. ज्यांनी काजूला काजू म्हटले त्यांची बोली मिटली. हे वाचले तेव्हा मला माझ्या वहीतले कोरकू नावांचे सदर आठवले. कोरकू ही मुंडा भाषाकुळातली, भारतात सर्वांत पश्चिमेकडे बोलली जाणारी भाषा. खकनार आणि मेळघाटाकडच्या जंगलाची जी ओळख तिच्यात आहे ती मराठीत नाही, हिंदीतही नाही. युनेस्कोने तिला जपणुकीची गरज असलेल्या भाषांत धरले आहे. माझ्या वहीत तेच सदर सर्वांत रिकामे आहे. याचे कारण कोरकूंपाशी नावे नाहीत हे नव्हे. मी त्यांच्याकडे उशिरा गेलो, आणि गेलो तेव्हा त्यांची मुले मला हिंदी नावे सांगू लागली. पाहुण्याला समजेल तेच सांगावे, अशी त्यांची रीत. बारेला वस्तीत एका म्हाताऱ्या बाईने मला विचारले, "नाव लिहून तू काय करशील? झाड बघ ना." मला उत्तर सुचले नाही. मी तिच्यामागून झाड बघायला गेलो.

आपल्या वाचनालयाचा आरंभ झाला तेव्हा या गावात मराठी बोलणारी घरे मोठ्या संख्येने होती. आज सभासदांची मुले पुण्या-इंदूरला आहेत आणि नातवंडे फोनवर मराठी ऐकतात. मोल्सवर्थने १८३१ मध्ये, आणि पुढे १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत, मराठी शब्दांचा जो कोश दिला त्यात अनेक झाडांच्या नावांपुढे शास्त्रीय लॅटिन नाव आहे. एका परक्या लष्करी अधिकाऱ्याने जे केले त्यापुढे आपल्या शालेय टिपांतले 'एक वृक्षविशेष' वाचताना मला आता शरम वाटते. त्या टिपांपैकी काही मीच लिहिल्या आहेत.

कार्यकारिणीने माझी एक विनंती मान्य केली आहे. ही वही आजपासून ग्रंथपालांच्या टेबलावर राहील. आतापर्यंत सुमारे दीडशे झाडे तिच्यात आहेत. ज्यांच्या घरी आई, आजी, सालदार, दूधवाला, डोंगराकडून येणारी मोळीवाली, जे कोणी असेल त्यांना विचारून नाव लिहावे. सांगणाऱ्याचे गाव अवश्य लिहावे. आणि शक्य झाल्यास पान, शेंग किंवा बी कागदात गुंडाळून सोबत ठेवावी, म्हणजे माझ्यासारखा गोडे-कडूचा घोटाळा कोणाच्या हातून होणार नाही. पहिले पान बहाव्याचे आहे. त्या विद्यार्थ्याने आणलेल्या शेंगेचा तुकडा त्यावर दोऱ्याने बांधला आहे. वही उघडताना जरा जपून उघडावी, तो सुटतो.