शेवटच्या पलटणीचे पुढे काय झाले?



मुंबईचे ‘गेट वे ऑफ इंडिया’ आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. पंचम जॉर्ज बादशहा १९११ साली मुंबईस उतरला, त्याची आठवण म्हणून ही कमान उभारण्यात आली. त्याच कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी हिंदुस्थानातील शेवटची इंग्रज पायदळ पलटण चालत गेली. आपल्या जवानांनी तिला मानवंदना दिली, कमानीची चांदीची प्रतिकृती भेट म्हणून दिली आणि पलटण समुद्रमार्गे स्वदेशी निघाली. आपल्या दृष्टीने ते पान तिथे मिटले. आज आम्ही त्याच्या पुढचे पान उलटणार आहोत.

या पलटणीचे नाव सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री. सॉमरसेट हा इंग्लंडच्या नैऋत्येकडील एक परगणा, आणि टॉन्टन हे त्याचे मुख्य गाव. रेजिमेंट उभी राहिली १६८५ साली. पहिल्या अफगाण युद्धात, १८४१-४२ च्या हिवाळ्यात, तिने जलालाबादचा तट राखला. म्हणून तिच्या टोपीवरील बिल्ल्यावर तटाचा मुकुट आणि जलालाबादचे नाव आले. पण तिचा आणखी एक पराक्रम आपण विसरून चालणार नाही. १८५८ साली आझमगढला वृद्ध कुंवरसिंहाच्या फौजेवर जी गोरी पलटण चालून गेली, ती हीच. तेव्हा ही काही आपल्या सोयऱ्यांची कथा नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

मग ती ऐकायची कशासाठी? तिच्यात आपल्या स्वातंत्र्याचा एक सहसा ध्यानात न येणारा परिणाम दिसतो, यासाठी.

इंग्रजी पायदळाची घडी १८८१ साली बसली ती अशी. प्रत्येक रेजिमेंट एका परगण्याशी बांधलेली, आणि तिच्या सामान्यतः दोन पलटणी. एक घरी राहून नवे रंगरूट शिकवून तयार करणार, दुसरी साम्राज्यात पहारा करणार. हा पहारा मुख्यतः हिंदुस्थानातला. पंधरा-वीस मैलांच्या टापूतील शेतकऱ्यांची आणि कारागिरांची मुले एकत्र भरती होत, एकत्र लढत, आणि मेली तर गावच्या देवळातील एकाच शिळेवर त्यांची नावे कोरली जात.

हिंदुस्थान गेला आणि या घडीचा एक खांबच निखळला. पहाराच उरला नाही, तर दुसरी पलटण हवी कशाला? १९४८ च्या सुमारास परगण्यांच्या रेजिमेंटांना एकेका पलटणीवर आणण्यात आले. सॉमरसेटची उरलेली पलटण १९५२ ते १९५५ मलायाच्या जंगलात कम्युनिस्ट बंडवाल्यांशी लढली. तिच्यात सक्तीच्या लष्करी सेवेत आलेले कोवळे तरुण पुष्कळ होते. पुढे १९५७ साली संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांनी श्वेतपत्रिका काढली. अण्वस्त्रांवर भिस्त ठेवायची, सक्तीची सेवा बंद करायची आणि भूसैन्य १,६५,००० वर आणायचे, असा तिचा आशय होता.

मग एकत्रीकरणे सुरू झाली. १९५९ मध्ये सॉमरसेट कॉर्नवॉलच्या रेजिमेंटशी जोडली गेली. १९६८ मध्ये यॉर्कशायर, श्रॉपशायर आणि डरहॅम यांच्या लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटांसह तिची ‘द लाइट इन्फन्ट्री’ झाली, तेव्हा परगण्याचे नावच पुसले गेले. २००७ साली तीही ‘द रायफल्स’ या मोठ्या रेजिमेंटीत विलीन झाली. शत्रूच्या तोफांनी जे झाले नाही ते खजिन्याच्या हिशेबाने झाले.

इथे नियतीची एक गंमत पाहा. इंग्लंडच्या राजाची पहिली पलटण हिंदुस्थानात आली १७५४ साली. ती एकोणचाळिसावी, पुढे डॉर्सेट परगण्याची झाली. ‘हिंदुस्थानात पहिली’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद ती अभिमानाने मिरवी. डॉर्सेट आणि सॉमरसेट हे सख्खे शेजारी. जी पहिली आली आणि जी शेवटी गेली, त्या दोघींचा वारसा आज त्या एकाच रायफल्स रेजिमेंटीत सामावला आहे.

यावर आपण टाळी वाजवावी का? आम्हांस तसे वाटत नाही. राज्य गेले याचे दुःख आपण करणार नाही. पण गावाचे नाव घेऊन मेलेल्या माणसाचे गाव कागदावरून पुसले जावे, यात आनंद मानण्यासारखे काही नाही. टॉन्टनच्या लोकांनी निदान जुन्या गढीत संग्रहालय करून त्या आठवणी जपल्या आहेत.

आता आपल्याकडे वळू. ज्या अफगाण युद्धाने जलालाबादचा मुकुट दिला, त्याच युद्धातील कामगिरीबद्दल १८४१ साली आपल्या मराठा पलटणींच्या पूर्वजांना ‘लाइट इन्फन्ट्री’ हा किताब मिळाला. तिकडचे नाव गेले. इकडे बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्री आजही त्याच नावाने उभी आहे. स्वतंत्र भारताने ते नाव मोडले नाही, ही सुज्ञपणाची गोष्ट झाली.

परंतु नाव टिकले म्हणून आठवण टिकली, असे होत नाही. सातारा-रत्नागिरीकडील कित्येक गावांत एक लहानशी शिळा आढळते. या गावातून पहिल्या महायुद्धास किती माणसे गेली आणि त्यांतली किती परतली नाहीत, एवढेच तिच्यावर लिहिलेले असते. नावे नसतात, नुसते आकडे. ती माणसे दुसऱ्याच्या राज्यासाठी लढली, म्हणून ती आपली नव्हेत काय?

ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांच्या पलटणीला आपण चांदीची कमान दिली. आपल्याच शिळेवरील आकड्यांना नावे मिळवून देणे त्याहून स्वस्त आहे. गावातील वृद्धांना विचारा, घरातील जुन्या पेट्या उघडा, पदके काढा, आणि ती नावे लिहून ठेवा. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.