परदेश दौऱ्याची तयारी गावातूनच
(रानशेत येथील बैठकीतील भाषण)



ऑक्टोबरात युरोपात बसने अभ्यास दौरा, आणि त्याच वेळी इथे भातकापणी! म्हणून कापणीची माणसे आधी ठरवू, बॅग मग भरू.

परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत किमान ३ महिने उरलेली हवी. शेंगेन व्हिसाचा अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो. उशिरात उशिरा १५ दिवस आधी. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा.

आपल्या घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. चार फळे सोबत न्यावीशी वाटतील. पण वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय तिथे चिकू नेता येत नाही. नारळ चालतो; पेढे, तूप चालत नाही.

तिथला बसचालक सलग साडेचार तासांपुढे गाडी हाकत नाही. ४५ मिनिटांची विश्रांती कायद्यानेच आहे. त्याला घाई करू नये.

सर्वांत महत्त्वाचे परतीचे. आवडले म्हणून बियाणे, कलमकाडी खिशात घालून आणायची नाही. त्यासाठी आयात परवाना आणि विलगीकरण तपासणी लागते. बी पोखरणाऱ्या अळीने आपल्या चिकूबागा आधीच जेरीस आणल्या आहेत. एका काडीबरोबर नवी कीड आली, तर दौऱ्याला गेलेला एक आणि भोगणारा सारा डहाणू तालुका!

आणायचीच तर भरलेली वही आणू, आणि ती इथेच सर्वांसमोर वाचू.