आरोग्यविमा : हक्क आणि सचोटी



नोव्हेंबर २०१३ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सातारा-सांगलीत आली, तेव्हा संरक्षण दीड लाखाचे व पिवळ्या-केशरी शिधापत्रिकाधारकांपुरते होते. आज महात्मा फुले यांच्या नावाने तीच योजना राज्यातील सर्व कुटुंबांना वार्षिक पाच लाखांपर्यंत संरक्षण देते. हा न्यायच झाला.

परंतु खासगी विम्याच्या अर्जात मधुमेह दडवणारा गृहस्थ कोणास फसवतो? दावा मंजूर झाल्यास भार प्रामाणिक विमाधारकांच्या हप्त्यावर पडतो. फेटाळला गेल्यास स्वतःच्याच कुटुंबावर. २०२४ च्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे. आजार सांगून तेवढे थांबणे हिताचे. दुकानातील माप चोख, तसा अर्जही चोख असावा.

जय जिनेंद्र!