खारीचं पिल्लू: आधी ऊब, मग दूध

भिलाईच्या कोहका भागात काय, आणखी कुठे काय… फांदी छाटली की खारीचं घरटं खाली येतं. डोळे मिटलेलं गुलाबी पिल्लू हाती लागतं. आपण लगेच दूध शोधतो. थांबा. आधी ऊब, मग दूध. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. सुती कापडात गुंडाळून खोक्यात ठेवा. शेजारी कोमट पाण्याची बाटली ठेवा. मग खोक्यासकट त्याच झाडाखाली ठेवून दूर व्हा. मांजरावर मात्र नजर हवी! माणसाचा हात लागला की आई टाकते, असं म्हणतात. तसं नसतं. खार पिल्लाला तोंडात धरून परत नेते.

अंधार पडेपर्यंत आई आलीच नाही, तर? गाईच्या दुधावर आपली पोरं वाढतात, मग खार का नाही, असं कुणी विचारेल. खारीचं दूध फार स्निग्ध असतं. गाईच्या दुधाने पिल्लाला जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं. कुत्र्याच्या पिल्लांची दूधपावडर त्यापेक्षा बरी. पण पुन्हा सांगते… आधी ऊब, मग दूध. बिनसुईच्या सिरिंजने, पालथं धरून, थेंब थेंब पाजा. उताणं पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. नंतर ओल्या कापसाने पोटाखाली हलकेच पुसा. त्याशिवाय इवल्या पिल्लाला लघवी होत नाही. आणि वनविभागाला किंवा पशुवैद्याला त्याच दिवशी कळवा.