मोरीतले पिंप आणि पावसाची नोंद



दर रविवारी सकाळी मुलुंडच्या आमच्या घरी आसपासची आठ-दहा मुले आपापले आर्डुइनोचे सर्किट-बोर्ड आणि त्यांना जोडलेली, नोंदी साठविणारी मेमरी कार्डे घेऊन जमतात, आणि त्यांपैकी निदान एकाची तरी फिर्याद ठरलेली असते : "आजोबा, कार्ड गेलं." 'गेलं' म्हणजे नेमके काय झाले, वाचताना झाले की लिहिताना झाले, अशी विचारपूस करावी तर धड उत्तर मिळत नाही. पडद्यावर 'इनिशिअलायझेशन फेल्ड' एवढी दोन शब्दांची जबानी उमटली की त्या नखाएवढ्या कार्डावर गुन्हा शाबीत झाला असे समजून ही मंडळी तडक ग्रँट रोड गाठतात, लॅमिंग्टन रोडवरून नवे कार्ड आणतात, आणि पुढच्या रविवारी तेही 'गेलेले' असते. श्रोतेहो, मला दहा मिनिटांची मुदत मिळाली आहे, आणि तीत मला सांगावयाचे आहे ते एकच : कार्ड बदलण्यापूर्वी त्याला मिळणारी वीज मोजा, आणि ती कार्डाच्या पायाशी, ते लिहीत असताना मोजा. या वाक्याचा उत्तरार्ध लोक हटकून विसरतात, म्हणून तो मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नये.

या मुलांपैकी बहुतेकांची यंत्रे पाऊस मोजण्याची असतात, आणि त्याला कारण आहे. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि कुलाब्यास जेमतेम ७३. एकाच शहराच्या दोन टोकांशी आकाश इतका पक्षपात करू शकते, हे ज्यांनी त्या रात्री छातीएवढ्या पाण्यातून घर गाठले त्यांना निराळे सांगावयास नको. आणि त्यांच्याच मुलानातवंडांना आपल्या स्वतःच्या गच्चीवर नेमका किती पडला हे जाणण्याची उत्कंठा वाटावी, याचा मला मोठा संतोष वाटतो. योगायोग असा की, हे आर्डुइनोही जन्मास आले ते त्याच २००५ साली, इटलीतील इव्रेआ नावाच्या गावी. तेथल्या एका मध्ययुगीन राजाचे नाव एका पानगृहाला होते, आणि ते पानगृहावरून बोर्डाला मिळाले. परंतु हे विषयांतर झाले.

बोरिवलीहून दादरला गाडी बदलून येणाऱ्या, नववीतल्या एका मुलीची हकिगत सांगतो. तिच्या गच्चीवर नरसाळ्याखाली दोन वाट्यांचे एक डोलणारे पात्र आहे. एक वाटी भरली की पात्र कलंडते, दुसरी वाटी नरसाळ्याखाली येते, आणि प्रत्येक कलंडण्यागणिक तारीख, वेळ आणि एक आकडा कार्डावर दाखल होतो. रिमझिम पावसात हे दप्तर चोख चाले. जोराची सर आली की मात्र नोंद तुटे, म्हणजे ज्या घटकेसाठी हा सारा खटाटोप, तीच घटका कोरी. मुलीने दोन कार्डे बदलली, आणि तिसऱ्यासाठी पैसे मागितले तेव्हा तिची आई तिला माझ्याकडे घेऊन आली. तपासात निघाले ते असे की, पावसाचा जोर वाढताच खाली घरात इशारा पोहोचावा म्हणून तिने एक बिनतारी मॉड्यूल जोडले होते, आणि त्याची व कार्डाची, दोघांचीही गुजराण बोर्डावरच्या ३.३ व्होल्टच्या एकाच पिनेवर चालली होती. उनो या आर्डुइनो बोर्डाच्या त्या पिनेतून ५० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह घेऊ नये असा दंडक आहे. कार्ड स्वस्थ असताना त्याला त्यातला अल्पांश पुरतो; परंतु लिहावयास लागले की ते क्षणार्धात शंभर मिलिअँपिअर, प्रसंगी त्याहूनही अधिक, ओढून घेते. सर आली की एकीकडे कार्ड लिही, दुसरीकडे मॉड्यूल आरोळी ठोकी, आणि या ओढाताणीत विजेचा दाब २.७ व्होल्टच्या खाली जाई. कार्डाचे कामकाज २.७ ते ३.६ या मर्यादेतच चालते. म्हणजे पावसाने नव्हे, कार्डानेही नव्हे, तर इशारा देण्याच्या हौसेने त्या नोंदी पुसल्या होत्या.

मुलगी म्हणाली, "पण आजोबा, मी मीटर लावून बघितलं होतं. बरोबर तीन पॉइंट तीन होते." तिचे म्हणणे खोटे नव्हते, आणि म्हणूनच उत्तरार्धाचा मी आग्रह धरतो. माझे उभे आयुष्य पाणीपुरवठ्याच्या कामात गेले, तेव्हा दृष्टान्त सुचतो तोही पाण्याचाच. तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले, आणि तेव्हापासून ते पाणी कित्येक कोसांचे अंतर नळांतून तोडून या शहरात येत आहे; मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या रहिवाशांनी ते अजस्र नळ पाहिलेले आहेत. तलाव भरलेला, नळ भरलेला. तरीही सकाळी पाणी सुटण्याच्या वेळी खालच्या तिन्ही मजल्यांवर सर्वांनी एकदम तोट्या सोडल्या की चौथ्या मजल्यावरच्या वहिनींच्या तोटीतून नुसता फुसफुस आवाज येतो. त्या वहिनी लगेच दुकानात जाऊन नवी तोटी आणतात काय? मुळीच नाही. दिवसभराच्या पुरवठ्याची सरासरी उत्तम आहे, असा कागद कोणी त्यांना दाखविला, तरी सव्वासहा वाजता त्यांची बादली भरत नाही. आपला मल्टिमीटर हा तसा सरासरी सांगणारा कागद आहे. हजारांश सेकंदात पडून पुन्हा सावरलेला दाब त्याच्या आकड्यांत उतरतच नाही. ऑसिलोस्कोप ज्याच्यापाशी असेल त्याने त्याची सुई कार्डाच्या पायाशी टेकवून, कार्ड लिहीत असताना, पाहावे.

ज्याच्यापाशी नसेल त्याने चौथ्या मजल्यावरच्या वहिनींचा मार्ग धरावा. त्यांनी मोरीत पिंप भरून ठेवलेले असते. आपल्या कामात त्या पिंपाला कपॅसिटर म्हणतात : दहा मायक्रोफॅरडचा एक, आणि त्याच्या जोडीला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिकचा एक. मोठा तो पिंप. आणि हात घालताच भरलेला मिळावा म्हणून पिंपावर जो तांब्या ठेवलेला असतो, तो हा लहान. पिंप मोरीतच हवे. सोसायटीच्या फाटकाशी ठेवलेल्या पिंपाचा चौथ्या मजल्यावर काय उपयोग? तरीही मुले कपॅसिटर बसवितात तो बोर्डाजवळ, आणि तेथून वीतभर लांबीच्या बारीक तारांनी, सैल झालेल्या ब्रेडबोर्डावरून, कार्डापर्यंत वीज नेतात. गंजून अरुंद झालेल्या नळाहून ही व्यवस्था फारशी निराळी नाही. तारा आखूड करा, कपॅसिटर कार्डाच्या अगदी शेजारी ठेवा, आणि पिंप पालथे घालू नका, म्हणजे मोठ्या कपॅसिटरची धन-ऋण टोके पाहून जोडा. मात्र पिंपाने घटकाभराची अडचण भागते. टंचाई रोजचीच असेल तर स्वतंत्र जोडणीच घेतली पाहिजे. त्या मुलीच्या बिनतारी मॉड्यूलला आम्ही ५ व्होल्टवरून निराळा रेग्युलेटर दिला आणि कार्डाशेजारी पिंप व तांब्या मांडला. त्यानंतरच्या पहिल्याच मोठ्या सरीची नोंद अखंड उतरली, आणि ती जुन्या, 'गेलेल्या' कार्डांपैकी एकावर उतरली, हे मुद्दाम सांगतो.

पाण्याचीच गोष्ट निघाली आहे तर आणखी दोन प्रकार सांगून टाकतो. बाजारात मिळणाऱ्या कित्येक कार्ड-मॉड्यूलांवर दाब कमी करणारा रेग्युलेटर आधीच बसविलेला असतो. त्याला ५ व्होल्ट द्यावे, म्हणजे तो कार्डाला ३.३ देतो. आमची सावध मुले, कार्ड नाजूक म्हणून, त्या मॉड्यूलला आधीच ३.३ देतात. स्वतःसाठी व्होल्टभर ठेवून घेतल्याखेरीज तो रेग्युलेटर पुढे काही सोडत नाही, आणि कार्डाच्या वाट्यास सव्वादोनच्या आसपास काहीतरी येते. आधीच मंद असलेल्या नळावर आणखी एक चावी बसविण्याचा हा प्रकार होय. याच्या उलट, ज्या मॉड्यूलवर काहीच नाही त्याला उनोच्या ५ व्होल्टच्या संदेशतारा थेट जोडणे म्हणजे अग्निशमन दलाचा बंब स्वयंपाकघरातल्या तोटीला लावणे. तेथे संदेशांचा दाब उतरविणारा लेव्हल शिफ्टर हवाच. दोन्ही प्रकारांत शिक्षा कार्डालाच होते, आणि दोन्हींत त्याचा काडीचा कसूर नसतो.

"म्हणजे कार्ड कधी बिघडतच नाही का?" असे आपण विचाराल. बिघडते, परंतु त्याची पाळी शेवटची. आधी पाहावे की कार्डाची ओळख तरी पटते का. ओळख पटते, वाचन होते, आणि लिहिताना घात होतो, असे असेल तर पहिला संशय विजेवर घ्यावा. ओळखच पटत नसेल तर विजेसोबत जोडण्या पाहाव्यात. उनोवर कार्डाशी संवादासाठी ११, १२ आणि १३ या पिना ठरलेल्या आहेत, परंतु कार्ड निवडण्याची पिन कोणाची ४ तर कोणाची १० असते, आणि तार एकीला व प्रोग्रॅममध्ये नाव दुसरीचे, ही चूक मीही केलेली आहे. मग कार्डाची मांडणी पाहावी : नेहमीच्या लायब्ररीला फॅट-१६ आणि फॅट-३२ एवढेच वाचता येते, आणि ३२ जीबीवरची कार्डे बहुधा एक्सफॅटमध्ये येतात. पाऊस मोजावयास एवढे मोठे कार्ड लागते कशाला, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. फाइलीचे नाव आठ अक्षरांच्या आत ठेवावे. आणि जुलै-ऑगस्टात, जेव्हा आपल्याकडे कपाटातल्या पुस्तकांनाही बुरशी येते, तेव्हा कार्डाची सोनेरी पट्टी स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसावी. इतके सारे झाल्यावर, आणि इतके सारे झाल्यावरच, ग्रँट रोडचे तिकीट काढावे.

पालकांनाही दोन शब्द. मुलाने तिसरे कार्ड मागितले तर रागावू नका, परंतु लगेच पैसेही काढून देऊ नका, "लिहीत असताना किती व्होल्ट होते?" एवढे विचारा. या प्रश्नातला 'लिहीत असताना' हा भाग गाळून विचाराल तर मूल 'तीन पॉइंट तीन' असे उत्तर देईल, आणि तुम्ही दोघेही फसाल.

स्टुडिओच्या काचेपलीकडून खूण झाली आहे, म्हणजे माझी वेळ भरली. दुसरे एक महत्त्वाचे प्रकरण सांगावयाचे राहूनच गेले : पाचशे बारा बाइटांचा एक ठोकळा भरेपर्यंत नोंदी बोर्डाच्या स्मरणातच थांबून असतात, आणि कार्डावर उतरलेल्या मजकुराचीही लांबी फाइल बंद केल्यावाचून किंवा फ्लश केल्यावाचून कार्डाच्या यादीत रुजू होत नाही, त्यामुळे रात्रभर इमानाने लिहिलेली फाइल सकाळी शून्य बाइटांची निघते, आणि मग पुन्हा तेच, "आजोबा, कार्ड गेलं"... परंतु ते आता राहू द्या. पुढे कधी बोलावणे आले तर तेथूनच आरंभ करीन. तोवर, मुलांनो, फाइल बंद केल्याखेरीज तार ओढू नका.